उणे तापमानात धावताना नेमके काय घालावे?

तळ्याकाठचा_पुणेकर | २ डिसेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षे मी पुण्यात वेताळ टेकडीवर नियमित धावत होतो. ऑगस्टमध्ये नोकरीच्या निमित्ताने शिकागोला आलो. मिशिगन तळ्याच्या काठाने जाणारी अठरा मैलांची पायवाट घरापासून पाच मिनिटांवर आहे हे कळल्यावर परदेशी येण्याचे निम्मे दुःख तिथेच संपले. ऑक्टोबरपर्यंत सारे उत्तम चालले होते.

गेल्या रविवारी सकाळी तापमान उणे सहा होते आणि उत्तरेकडून ताशी वीस किलोमीटरचा वारा होता. मी आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट, त्यावर सासूबाईंनी मुद्दाम विणून दिलेला स्वेटर, त्यावर पिसांचे जाड जाकीट, खाली सुती ट्रॅकपँट आणि डोक्याला माकडटोपी असा सरंजाम करून बाहेर पडलो. दुसऱ्या किलोमीटरला घामाच्या धारा लागल्या, चौथ्याला जाकिटाची चेन उघडली आणि सहाव्याला ते काढून कमरेला बांधले. तिथून परत फिरलो, तर वारा समोरून आला. भिजलेला बनियन छातीला असा चिकटला की कोणीतरी बर्फाची लादी बांधली आहे असे वाटावे. शेवटचे दोन किलोमीटर कसे काढले ते माझे मला ठाऊक. घरी आल्यावर दात वाजत होते आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

मला उकडलेही आणि मी गारठलोही, त्यामुळे कपडे जास्त झाले की कमी पडले हेच मला ठरवता येत नाही. अशा हवेत जी मंडळी वर्षानुवर्षे धावत आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. एक विनंती आहे, ट्रेडमिलचा सल्ला देऊ नये. तो बायकोने दिलेला आहे.

दादरचे_आजोबा | २ डिसेंबर, रात्री ९.४२

आज आमच्याकडे किमान तापमान २१ होते आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचे आम्ही सर्व जण मफलर गुंडाळून बसलो होतो. आमच्या सल्ल्याचा आपणास काही उपयोग होईल असे वाटत नाही, परंतु सहानुभूती पूर्ण आहे.

टोरांटोची_सई | ३ डिसेंबर, पहाटे ४.२५

पुणेकर, तुम्ही केलेली चूक माझ्यासह इथे आलेल्या प्रत्येक मराठी धावपटूने पहिल्या हिवाळ्यात केलेली आहे. आपण बसस्टॉपवर उभे राहण्याचे कपडे घालून धावायला जातो.

इकडे शिकवला जाणारा साधा नियम असा की तापमापकावर जो आकडा असेल त्यात दहा अंश मिळवावेत आणि त्या हवेत आपण फिरायला जाणार आहोत असे समजून कपडे निवडावेत. उणे सहा असेल तर अधिक चारचे कपडे घालावेत. घराबाहेर पाऊल टाकताच थंडी वाजली पाहिजे आणि पहिली आठ-दहा मिनिटे "आपण एक कपडा विसरलो की काय" अशी शंका आली पाहिजे. दारातच उबदार वाटले, तर घरात परत जाऊन एक थर उतरवून ठेवावा.

उणे सहाला मी स्वतः अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा बेस लेअर (म्हणजे कातडीलगतचा सर्वांत आतला कपडा), त्यावर पुढून वारा अडवणारे पातळ विंडचीटर, खाली आतून किंचित लवदार असलेल्या टाइट्स, कान झाकणारी पातळ टोपी आणि हातमोजे एवढेच घालते. उणे बाराच्या खाली गेले की दोन्हींच्या मध्ये फ्लीसचा (लवदार, उबदार कृत्रिम कापडाचा) एक पातळ थर येतो. पिसांचे जाकीट धावण्याच्या कामाचे नाही. पिसे ओली झाली की त्यांचा फुगवटा बसतो, आणि ऊब असते ती त्या फुगवट्यात कोंडलेल्या हवेत.

दुसरी गोष्ट दिशेची. निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघावे आणि परतताना वारा पाठीशी घ्यावा. अंग कोरडे असते तोवर समोरचा वारा सोसतो. घाम आल्यानंतर तोच वारा सोसत नाही. तुम्ही नेमके उलटे केलेत.

सूतगिरणी | ३ डिसेंबर, सकाळी ११.०५

मी इचलकरंजीचा असून वस्त्रोद्योगात सव्वीस वर्षे काढली आहेत. धावत नाही, पण कापड कसे वागते ते सांगू शकतो.

प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, लोकर सोळा टक्के आणि पॉलिएस्टर अवघा ०.४ टक्का. आकडे पाहून कोणी म्हणेल की मग लोकर सर्वांत वाईट. तसे नाही, कारण ओलावा कुठे राहतो यावर सर्व काही अवलंबून आहे. लोकर तो तंतूच्या आत मुरवते, पृष्ठभाग बराच वेळ कोरडा लागतो, आणि ओलावा शोषताना तिच्यातून थोडी उष्णताही बाहेर पडते. पॉलिएस्टर पाणी आत घेतच नाही, त्यामुळे घाम तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि तिथे उडून जातो. कापूस मात्र आतही पितो आणि तंतूंच्या मधल्या जागेतही पाणी साठवतो. शिवाय ओला झाला की लोळागोळा होऊन अंगाला चिकटतो, म्हणजे कापड आणि कातडी यांच्यामधला हवेचा थर नाहीसा होतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. आपण छातीला बर्फाची लादी म्हणालात, ती उपमा शास्त्राला धरूनच आहे.

मे महिन्यात आपल्याकडे सुती बनियन ज्या गुणासाठी घालतात, तोच गुण शिकागोत वैरी होतो. कापसाचा त्यात दोष नाही.

एक शंका मात्र आहे. सासूबाईंचा स्वेटर कोणत्या लोकरीचा आहे? आपल्या बाजारात "लोकर" म्हणून विकले जाणारे विणकामाचे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात. एक धागा काढून जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरडली जाणारी राख उरली तर लोकर; वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

तळ्याकाठचा_पुणेकर | ३ डिसेंबर, रात्री ८.१५

सईताई आणि सूतगिरणीकाका, मनापासून आभार. वाऱ्याच्या दिशेचा मी विचारच केला नव्हता. घरून निघून दक्षिणेकडे उतरत गेलो आणि "आज वेग काय सुंदर लागला आहे" म्हणून खूशही झालो होतो.

सासूबाईंच्या स्वेटरचा धागा काढून जाळण्याएवढी हिंमत माझ्यात नाही. त्या जानेवारीत तीन महिन्यांसाठी इकडे येत आहेत.

मेंढपाळाचा_नातू | ४ डिसेंबर, सकाळी ७.३०

सूतगिरणी यांनी लोकरीबद्दल जे लिहिले आहे ते माझ्या आजोबांनी कोणतेही आकडे न वाचता पाळले. माणदेशातून कोकणाकडे मेंढरे घेऊन जाताना पाऊस लागला की डोक्यावरून घोंगडीची खोळ. ती पावसात भिजून जड व्हायची, पण आतल्या माणसाला हुडहुडी भरत नसे. रात्री तीच अंथरायची आणि तीच पांघरायची.

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असल्यामुळे ती उघड्या अंगाला बोचते. बोचण्याचे कारण तंतूची जाडी. साधारण तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचा तंतू कातडीला टोचतो, आणि धावण्याच्या कपड्यांत वापरली जाणारी मेरिनो लोकर वीस मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असते. मी स्वतः बर्लिनजवळ राहतो आणि मेरिनोचा एकच बेस लेअर आठवडाभर वापरतो. पॉलिएस्टरचा शर्ट दोन वेळा घातला की खोलीत दुसरा माणूस थांबत नाही.

रानवाट | ४ डिसेंबर, सकाळी ९.५०

मेरिनोचे कौतुक मान्य आहे, परंतु तिची किंमत आणि आयुष्य यांबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या दोन मेरिनो शर्टांना दुसऱ्याच वर्षी काखेत भोके पडली, तिसरा कसरीने खाल्ला. ज्यांना फार घाम येतो त्यांनी लोकर निवडताना विचार करावा, कारण ती एकदा पुरती भिजली की वाळायला पॉलिएस्टरपेक्षा पुष्कळ वेळ घेते. तासाभराच्या आतली धाव असेल तर साधा पॉलिएस्टरचा बेस लेअर पुरेसा आहे. अट एकच, धुताना कापड मऊ करणारे द्रव्य घालू नये. ते तंतूंवर थर धरते आणि घाम ओढून घेण्याचा कापडाचा गुण मंदावतो. वासावर उपाय म्हणजे घरी आल्याबरोबर शर्ट पाण्यात टाकणे. बादलीत कोंबून ठेवायचा आणि मग पॉलिएस्टरला नावे ठेवायची हे बरोबर नाही.

मेंढपाळाचा_नातू | ४ डिसेंबर, सकाळी १०.१२

बादलीचा उल्लेख वैयक्तिक वाटला, पण खरा आहे.

नाडीपरीक्षा | ५ डिसेंबर, रात्री ११.२०

वैद्यकीय बाजूने काही मुद्दे मांडतो.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. सत्तर किलो वजनाचा माणूस ताशी दहा किलोमीटर वेगाने धावत असेल, तर त्याच्या शरीरात सहाशे वॉटच्या आसपास, म्हणजे एखाद्या छोट्या रूम हीटरएवढी उष्णता तयार होत असते. धड गरम ठेवण्याची चिंता म्हणूनच फारशी नसते. संकट येते ते धावणे थांबल्यावर किंवा दमून वेग मंदावल्यावर. हीटर बंद झालेला असतो आणि अंगावरचा घाम उडताना उष्णता ओढतच राहतो. पुणेकरांचे दात घरी आल्यावर वाजले त्याचे कारण हेच.

आता वाऱ्याचा हिशेब. हवा उणे दहा असेल आणि अंगाला ताशी तीस किलोमीटरचा वारा लागत असेल, तर उघड्या कातडीची उष्णता जवळपास शांत हवेतल्या उणे वीसप्रमाणे जाते. वीसच्या वाऱ्यासमोर आपण दहाच्या वेगाने धावलो की तीस झालेच. तोच वारा पाठीशी असेल तर अंगाला जेमतेम दहाचा लागतो. सईताईंच्या सल्ल्यामागचे गणित हे आहे. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकानुसार वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे २८ च्या खाली गेले की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गाल आणि बोटे ही हिमदंशाची पहिली ठिकाणे. तिथे कातडी पांढुरकी आणि बधिर झाली तर चोळू नये. आत जाऊन कोमट पाण्याने ऊब द्यावी. चेहऱ्याला व्हॅसलिन फासले की हिमदंश होत नाही असा एक समज आहे. त्याने कोरडेपणा कमी होतो, संरक्षण मिळत नाही, उलट सुरक्षित असल्याचा भ्रम होतो.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते हाही असाच एक समज. अमेरिकी लष्कराच्या १९७० च्या एका पुस्तिकेत चाळीस-पंचेचाळीस टक्के असा आकडा होता आणि तो जगभर पसरला. प्रौढांच्या डोक्याचा वाटा शरीराच्या पृष्ठभागाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. टोपी घालावी ती कानांसाठी. आणि पुणेकर, माकडटोपीत हनुवटीखाली घाम साचून ती ओली होते, तेव्हा तिला कपाटात विश्रांती द्यावी.

दमा असलेल्यांनी नाकातोंडावर बफ (गळ्यात घालून वर ओढायची कापडी नळी) किंवा पातळ मफलर घ्यावा. थंड आणि कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. कापडातून घेतलेला श्वास थोडा उबदार आणि दमट होऊन आत जातो.

पुरुष वाचकांसाठी शेवटची सूचना, जरा संकोचाने. १९७७ साली "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन" या प्रतिष्ठित नियतकालिकात एका डॉक्टरांचा स्वानुभव पत्ररूपाने छापून आला होता. थंडीत वारा न अडवणारी विजार घालून धावल्यामुळे त्यांना ज्या अवयवाला हिमदंशाची बाधा झाली, त्याचे नाव या सभ्य धाग्यावर लिहीत नाही. टाइट्सला पुढून वारा अडवणारे कापड असते, ते उगीच नव्हे.

दादरचे_आजोबा | ५ डिसेंबर, रात्री ११.३४

डॉक्टर, हा परिच्छेद मी घरात मोठ्याने वाचून दाखवत होतो. शेवटच्या ओळींपर्यंत पोहोचलो तेव्हा सूनबाई चहा घेऊन आल्या. पुढच्या वेळी इशारा वर लिहावा ही विनंती.

अपशिंगेकर | ६ डिसेंबर, सकाळी ६.००

सातारा जिल्ह्यातले माझे गाव फौजेसाठी प्रसिद्ध आहे आणि मीही बावीस वर्षे सैन्यात होतो. त्यांपैकी दोन हिवाळे लडाखमध्ये गेले. तिथे आम्हाला तीन गोष्टी घोटून शिकवल्या गेल्या. कपडे थरांचे हवेत, सैल हवेत आणि कोरडे हवेत. सैल या शब्दावर कोणी बोललेले दिसत नाही म्हणून लिहितो.

पायाला थंडी वाजते म्हणून लोक एकावर एक दोन जाड मोजे चढवून त्याच मापाच्या बुटात पाय कोंबतात. बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही आणि पाय अधिक गार पडतात. एकच लोकरीचा मोजा घालावा आणि बोटे बुटात हलली पाहिजेत. जाड मोजा घालायचाच असेल तर बूट अर्धा माप मोठा घ्यावा. हातांसाठी पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटे एकत्र राहणारे मिटन अधिक उबदार असतात, कारण बोटे एकमेकांना शेकत राहतात. फार थंडीत मी आत पातळ हातमोजे आणि वर मिटन घालत असे.

आणि परत आल्यावर आधी कपडे बदलावेत, मग चहा, मग गप्पा. आमचे सुभेदारसाहेब ओल्या मोज्यांनी चहाच्या रांगेत उभा राहिलेला जवान दिसला की रांगेतून बाहेर काढत.

२०२३ च्या फेब्रुवारीत पँगाँग सरोवराच्या गोठलेल्या पाठीवर एकवीस किलोमीटरची शर्यत झाली, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर. असे धावता येते, पण तयारीने.

निफाडचा_द्राक्षवाला | ६ डिसेंबर, सकाळी ८.४५

महाराष्ट्रात थंडी नसते असे समजणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत निफाडला यावे. पारा चार-पाच अंशांवर उतरतो, तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. जागे आहोतच तर धावून घ्यावे म्हणून मी बांधाच्या रस्त्याने सहा किलोमीटर जातो.

माझ्याकडे बेस लेअर वगैरे काही नाही. क्रिकेटचा जुना पॉलिएस्टरचा शर्ट आत, त्यावर छातीपाशी वर्तमानपत्राची घडी, त्यावर साधे विंडचीटर. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या सायकलपटूंनी शिकवली. कागद वारा अडवतो, आणि अंग तापले की काढून शेकोटीत टाकता येतो. पाच अंशांना याहून अधिक काही लागत नाही.

टोरांटोची_सई | ६ डिसेंबर, सकाळी १०.३०

निफाडकर, तुमची युक्ती अगदी योग्य आहे. महागड्या जाकिटात पुढच्या बाजूला वारा न शिरणारे आणि पाठीला हवा खेळती ठेवणारे कापड असते, ते याच तत्त्वावर. फक्त शेकोटीची सोय आमच्याकडे नगरपालिका करू देत नाही.

हिशेबनीस | ७ डिसेंबर, दुपारी १.१५

सर्वांचे ज्ञान वंदनीय आहे, परंतु मूळ प्रश्नाला मी उलटा प्रश्न विचारतो. उणे पंधरामध्ये रस्त्यावर धावण्याची गरजच काय? ३० जानेवारी २०१९ रोजी याच शिकागोत उणे तीस नोंदले गेले होते. ज्या गोष्टीसाठी पाच प्रकारचे कपडे, डॉक्टरांचा सल्ला आणि लष्करी अनुभव लागतो, ती गोष्ट चार महिने घरात करण्यात कमीपणा कोणता? धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये ट्रेडमिलला बंदी घातली आहे, ही चर्चेची रीत नव्हे.

रानवाट | ७ डिसेंबर, दुपारी २.४०

हिशेबनीस, उणे तीसला कोणी जाऊ म्हणत नाही. जाणवणारे तापमान उणे पंचविसाच्या खाली गेले की मीही घरातच बसतो. परंतु आकडा जितका खाली तितका धोका मोठा, हे गृहीतक मला मान्य नाही. धावपटूंचे सर्वांत वाईट हाल शून्याच्या थोडे वर, पावसात आणि वाऱ्यात झालेले आहेत.

२०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन आठवा. तापमान तीन ते पाच अंशांच्या दरम्यान, धो धो पाऊस आणि समोरून वारा. जगातले अव्वल धावपटू एकामागून एक बाहेर पडले. जिंकला जपानचा युकी कावाउची, जो तोवर नोकरी सांभाळून धावत होता, आणि स्त्रियांत डेस लिंडेन, जिने सुरुवातीलाच शर्यत सोडण्याचा विचार केला होता. त्याहून भयंकर प्रसंग चीनमधल्या गान्सू प्रांतातला. २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारांचा पाऊस आणि वादळी वारा सुरू झाला आणि २१ धावपटू गारठून दगावले. महिना मे होता. बहुतेकांच्या अंगावर पातळ शर्ट आणि आखूड विजारी होत्या, आणि वारा अडवणारे जाकीट बाळगणे सक्तीचे नव्हते. एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन सहा जणांना वाचवले.

म्हणून उणे दहाच्या कोरड्या, स्वच्छ सकाळी मी निश्चिंत असतो आणि अधिक तीनच्या पावसात दहा वेळा विचार करतो. तेव्हा पाणी रोखणारे जाकीट, टोपीला पुढे छज्जा आणि पाच किलोमीटरच्या आत घर, एवढे असल्याशिवाय जात नाही.

हिशेबनीस | ७ डिसेंबर, दुपारी ३.०५

गान्सूची माहिती नव्हती. मुद्दा पटला. ट्रेडमिलबाबतचे मत कायम आहे.

उत्तररात्र | ८ डिसेंबर, रात्री १०.५०

वरील चर्चेत बहुतेक पुरुष असल्यामुळे काही गोष्टी सुटल्या आहेत. मी मिनियापोलिसला राहते आणि आठवड्यातून चार दिवस धावते.

धावून आल्यावर सर्वांत आधी बदलण्याची गोष्ट स्पोर्ट्स ब्रा आहे. बाकीचे कपडे वाळले तरी ती जाड असल्यामुळे ओलीच राहते आणि छातीशी घट्ट बसलेली असते. मी गाडीने तळ्यापाशी जाते, तेव्हा कोरडी ब्रा, कोरडा शर्ट आणि मोठे शाल-पांघरूण गाडीतच असते आणि घरी पोहोचण्याची वाट न पाहता शालीआड कपडे बदलते. मोकळे केस घामाने भिजून गोठतात, म्हणून वेणी घालून टोपीत कोंबावी. बफवर श्वासाचे बर्फ जमते. अर्ध्या वाटेवर तो फिरवून कोरडी बाजू पुढे घ्यावी.

इथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे कामावरून आल्यावर धावायचे म्हणजे अंधारात. आपले थंडीचे कपडे बहुधा काळे असतात. वरून प्रकाश परावर्तित करणारे जॅकेट आणि कपाळाला दिवा हा माझ्या दृष्टीने शेवटचा थर आहे. रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक बर्फ असतो तो दिसत नाही, त्यासाठी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात. ते लावल्यावर पावले आखूड ठेवावीत. फोन आतल्या थराच्या खिशात, अंगाजवळ ठेवावा. थंडीत त्याची बॅटरी अचानक मान टाकते आणि मदत मागायची वेळ नेमकी तीच असते.

अपशिंगेकर | ९ डिसेंबर, सकाळी ६.१०

उत्तररात्र, तुमचे नियोजन पाहून आमचे सुभेदारसाहेब खूश झाले असते.

तळ्याकाठचा_पुणेकर | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

दोन महिन्यांनी धागा वर काढत आहे, कारण हिशेब देणे लागतो.

डिसेंबरात एक पॉलिएस्टरचा बेस लेअर, पातळ विंडचीटर, वारा अडवणाऱ्या टाइट्स (डॉक्टरांचा परिच्छेद वाचून त्याच रात्री मागवल्या) आणि लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घेतले. पहिल्या दिवशी दारातून बाहेर पडलो तेव्हा थंडी अशी लागली की सईताईंनी माझी थट्टा केली असावी असा संशय आला. दहाव्या मिनिटाला तो मावळला. आता आधी उत्तरेकडे, वाऱ्याच्या तोंडावर जातो.

गेल्या शनिवारी उणे चौदाला बारा किलोमीटर झाले. मध्ये फ्लीस होता, तो थोडा जास्त वाटला. पुढच्या वेळी विंडचीटरची चेन लवकर उघडीन. फजिती झाली ती बोटांची. बुटाची नाडी सुटली म्हणून मिटन काढून बांधायला बसलो, तर अर्ध्या मिनिटात बोटे इतकी बधिर झाली की गाठ बसेना. पुढचे दोन किलोमीटर हात काखेत धरून, कोंबडीसारखा धावत आलो. आता निघताना नाडीला दुहेरी गाठ मारतो.

सासूबाईंचा स्वेटर धावताना घालत नाही, पण त्याला त्याची जागा सापडली आहे. तो दारामागच्या खुंटीवर असतो. आत आलो की ओले सगळे उतरवायचे, अंग पुसायचे आणि तो चढवायचा. सासूबाई आल्या आहेत आणि रोज सकाळी मी तो घालून चहाला बसतो हे पाहून त्या प्रसन्न आहेत. त्यांना सूतगिरणीकाकांची शंका बायकोने सांगितली. त्यांनी स्वतःच पिशवीतून उरलेल्या गुंड्याचा धागा काढला आणि गॅसवर धरला. केस जळल्याचा वास घरभर पसरला आणि धूर ओळखणारी घंटा वाजली. "लुधियानाहून मागवली होती, काय समजलात," एवढेच त्या म्हणाल्या.

सूतगिरणी | १० फेब्रुवारी, सकाळी १०.४०

सासूबाईंपुढे नतमस्तक आहे. शंका विनाशर्त मागे घेतो. शुद्ध लोकर असल्यामुळे तो स्वेटर यंत्रात टाकू नये. गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढावे आणि सपाट पसरून वाळवावा. दोरीवर टांगला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत गुडघ्याला येईल.